अपग्रेडनंतर डेटाबेस सर्व्हर उठत नाही? आधी काय पाहायचं आणि काय मुळीच करायचं नाही

रविवारी रात्री सर्व्हरवर उबुंटू लिनक्सची नवी आवृत्ती चढवली. सोमवारी इंदूरच्या सियागंजातल्या ठोक दुकानात मुनीमजींनी बिलिंग उघडलं, तर स्क्रीनवर 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. दहा मिनिटांत "सगळा डेटा उडाला" अशी हाकाटी होते.

डेटा बहुधा उडालेला नसतो. काल होता तिथेच डिस्कवर पडलेला असतो. तो वाचणारा प्रोग्रॅम बदललेला असतो, बंद पडलेला असतो किंवा दुसऱ्याच पोर्टवर (जोडणीच्या क्रमांकावर) जाऊन बसलेला असतो. डेटा खरोखर जातो तो पुढच्या तासाभरात, जेव्हा कोणीतरी "काढून परत टाकू या, होईल ठीक" म्हणतं आणि पॅकेज 'पर्ज' करतं. 'रिमूव्ह'ने फक्त प्रोग्रॅम जातो, डेटा आणि कॉन्फिग राहतात. 'पर्ज' मात्र डेटाबेसची डिरेक्टरीही पुसू का असं विचारतं, आणि घाईतला हात 'हो' दाबून मोकळा होतो. तेव्हा सर्व्हर उठेपर्यंत पर्ज नाही, रीइन्स्टॉल नाही आणि 'जुनं काढून जागा करू' हेही नाही.

खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच नेहमीच्या रोमन अक्षरांत टाईप करायच्या. उदाहरणं उबुंटूवरच्या पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल या दोन डेटाबेसची आहेत, डेबियनवरही जवळपास तसंच चालतं.

पहिली पाच मिनिटं

आधी 'डीएफ -एच'. व्हार डिरेक्टरीचं पार्टिशन १०० टक्के भरलेलं दिसलं तर बाकीचं नंतर. अपग्रेडमध्ये शेकडो पॅकेजं डाउनलोड होऊन तिथेच साठतात, आणि छोट्या व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) २० जीबीची डिस्क तेवढ्याने तुंबते. 'एपीटी क्लीन' (एपीटी म्हणजे पॅकेजं बसवणारं साधन) आणि 'जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साईझ=२००एम' या दोघांनी सहसा श्वास घेण्यापुरती जागा होते. पोस्टग्रेसच्या डिरेक्टरीतल्या 'पीजी_वॉल' फोल्डरमधल्या फायली मात्र हाताने उडवायच्या नाहीत. या फोल्डरचं नाव पूर्वी 'पीजी_एक्सलॉग' होतं. नावात 'लॉग' पाहून लोक तो साफ करत आणि डेटाबेस घालवून बसत, म्हणून १० व्या आवृत्तीत नावच बदललं.

मग 'डीपीकेजी --ऑडिट'. मध्येच तुटलेलं, अर्धवट कॉन्फिगर झालेलं पॅकेज असेल तर इथे नाव येतं. उपाय 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए'. पण त्याने तीच चूक पुन्हा दाखवली तर दहा वेळा तीच कमांड मारून काही होत नाही. पॅकेजच्या शेवटच्या स्क्रिप्टला सर्व्हर चालू करायचा असतो, सर्व्हर चालू होत नाही, म्हणून स्क्रिप्ट नापास होते. दोष एपीटीत नाही, डेटाबेसच्या लॉगमध्ये बघा.

पोस्टग्रेसचा लॉग '/व्हार/लॉग/पोस्टग्रेसक्यूएल'मध्ये, आवृत्ती आणि क्लस्टरच्या (एका सर्व्हरखालच्या डेटाबेसांच्या संचाच्या) नावाने. मायएसक्यूएलचा '/व्हार/लॉग/मायएसक्यूएल/एरर.लॉग'. 'सिस्टमसीटीएल स्टेटस'मध्ये दिसणाऱ्या दहा ओळींवर निदान करू नका. तिथे बहुतेक वेळा 'सुरू झाला नाही' एवढंच कळतं, का ते नाही.

काहीही दुरुस्त करण्याआधी सर्व्हर बंद असतानाच डेटा डिरेक्टरीची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा: 'आरसिंक -ए', मालक आणि परवानग्यांसकट. ४० जीबीच्या प्रतीला अर्धा तास लागला तरी लागू द्या.

पोस्टग्रेस: दोन क्लस्टर, एक रिकामं

ही तक्रार दर अपग्रेडला येते. उबुंटू २०.०४ मध्ये पोस्टग्रेस १२, २२.०४ मध्ये १४ आणि २४.०४ मध्ये १६ असतं. मोठी आवृत्ती बदलली की डिस्कवरची मांडणी बदलते. १४ चा सर्व्हर १२ चा डेटा उघडत नाही, 'डेटाबेस फाइल्स आर इनकम्पॅटिबल विथ सर्व्हर' असं सांगून थांबतो. १४.२ वरून १४.९ अशा छोट्या उडीत हा प्रश्नच नाही, तिथे फक्त रीस्टार्ट लागतो.

उबुंटू तुमचा डेटा आपणहून नव्या आवृत्तीत नेत नाही. २०.०४ वरून २२.०४ ला गेलात तर ते १४ चं नवं, रिकामं क्लस्टर बनवतं आणि ५४३२ हे पोर्ट जुन्याच्या नावावर असल्यामुळे नव्याला ५४३३ देतं. मध्येच निळ्या चौकटीत 'ऑब्सोलीट मेजर व्हर्जन' अशी सूचनाही येते, जी सगळे एंटर मारून घालवतात. जुनं पॅकेज जागेवर असेपर्यंत सगळं सुरळीत चालतं, त्यामुळे कोणाला काही कळतही नाही. मग कधीतरी कोणी यादीत १२ आणि १४ दोन्ही बघतो, १२ काढतो आणि ५४३२ वर शांतता पसरते. पुढचा शहाणा बिलिंगच्या सेटिंगमध्ये पोर्ट ५४३३ करतो. जोडणी होते, पण डेटाबेस रिकामा. इथून "डेटा उडाला"चा फोन.

'पीजी_एलएसक्लस्टर्स' ही कमांड चालवा. आवृत्ती, क्लस्टरचं नाव, पोर्ट, स्थिती, डेटा डिरेक्टरी, सगळं एका ओळीत येतं. १२ समोर 'डाउन, बायनरीज_मिसिंग' दिसलं तर प्रोग्रॅम गेला आहे, डेटा शाबूत आहे. '/व्हार/लिब/पोस्टग्रेसक्यूएल/१२/मेन'वर 'डीयू -एसएच' चालवून आकार बघा आणि मुनीमजींना पाणी प्यायला सांगा.

आता उलट क्रमाने. पोस्टग्रेस प्रकल्पाची स्वतःची एपीटी रिपॉझिटरी आहे, तिच्यात जुन्या आवृत्त्या मिळतात. ती जोडायची स्क्रिप्ट 'पोस्टग्रेसक्यूएल-कॉमन' पॅकेजसोबत '/यूएसआर/शेअर/पोस्टग्रेसक्यूएल-कॉमन/पीजीडीजी'मध्ये आधीच आलेली असते. तिथून 'पोस्टग्रेसक्यूएल-१२' परत बसवा, 'पीजी_सीटीएलक्लस्टर १२ मेन स्टार्ट' करा. दुकान चालू होतं. खरं अपग्रेड रात्री करा.

रात्री आधी नवं क्लस्टर खरंच रिकामं आहे याची खात्री करायची: 'पीएसक्यूएल -पी ५४३३ -एल'मध्ये पोस्टग्रेस, टेम्प्लेट० आणि टेम्प्लेट१ ही तीनच नावं दिसली पाहिजेत. चौथं नाव दिसलं तर थांबा. दिवसभरात कोणीतरी तिथे बिलं फाडली असतील, ती आधी वेगळी काढावी लागतील. रिकामं असेल तर 'पीजी_ड्रॉपक्लस्टर --स्टॉप १४ मेन'. हे न करता पुढे गेलं तर 'लक्ष्य क्लस्टर आधीच आहे' म्हणून अपग्रेड नाकारलं जातं, आणि लोक इथेच अडकतात. ड्रॉप करताना आवृत्तीचा आकडा मोठ्याने वाचा. १४ च्या जागी १२ टाईप झालं तर परतीची वाट नाही; सकाळी काढलेली प्रत हाताशी ठेवायची ती यासाठीच.

नंतर 'पीजी_अपग्रेडक्लस्टर १२ मेन'. ही कमांड जुन्यातून डेटा काढून नव्यात भरते, इंडेक्स नव्याने बांधते आणि शेवटी पोर्टची अदलाबदल करते: १४ ला ५४३२, १२ ला ५४३३, शिवाय १२ मशीनबरोबर आपोआप सुरू होणार नाही अशी सोय. बिलिंगच्या सेटिंगला हात लावावा लागत नाही. सकाळी कोणी ५४३३ केलं असेल तर ते मात्र आठवणीने परत फिरवा.

जागा किती? जुन्या क्लस्टरएवढी मोकळी आणि वर पाव भाग. ती नसेल किंवा डेटा शंभर-दोनशे जीबी असेल तर '-एम अपग्रेड' हा पर्याय आहे, आणि त्यात '--लिंक' जोडलं तर काम मिनिटांत होतं. पण लिंक म्हणजे दोन्ही क्लस्टर त्याच फायली वापरतात. नवं एकदा सुरू झालं की जुन्याकडे परतायचं नाही. स्वतंत्र बॅकअप नसेल तर लिंक वापरू नये, वेळ वाचवण्याच्या मोहातसुद्धा.

अपग्रेड झालं, चालतंय, पण कासवासारखं? '-एम अपग्रेड'ने नेलेल्या क्लस्टरमध्ये १७ व्या आवृत्तीपर्यंत क्वेरी प्लॅनरची (शोधाचा मार्ग ठरवणाऱ्या भागाची) आकडेवारी सोबत येत नाही. 'व्हॅक्यूमडीबी --ऑल --अ‍ॅनलाइझ-इन-स्टेजेस' चालवा. जुन्या जावा सॉफ्टवेअरने 'ऑथेंटिकेशन टाइप १० इज नॉट सपोर्टेड' म्हटलं तर सर्व्हरकडे बघू नका: १४ पासून नवे पासवर्ड स्क्रॅम पद्धतीने साठतात, आणि जेडीबीसी (जावाला डेटाबेसशी जोडणारा) ड्रायव्हर ४२.२ च्या आधीचा असेल तर त्याला ते कळत नाही. ड्रायव्हरची जार फाइल बदला. आणि पोस्टजीआयएससारखं एक्स्टेंशन (जोड-प्रोग्रॅम) वापरत असाल तर त्याचं नव्या आवृत्तीचं पॅकेज अपग्रेडच्या आधी बसवलेलं हवं.

सगळं चालतंय, पण नाव सापडत नाही

ही अडचण सगळ्यांत फसवी, कारण लाल अक्षरात काही येत नाही. ग्रंथालयाच्या सभासद यादीत 'कुलकर्णी' शोधलं तर शून्य नोंदी. यादी उघडून खाली सरकत गेलं तर कुलकर्णी समोर बसलेले. काउंटरवरचा माणूस नवा सभासद म्हणून त्यांना पुन्हा नोंदवतो, आणि तीच नोंद दोनदा करायला मनाई असूनही डेटाबेस ते गुपचूप स्वीकारतो.

मजकुराचा इंडेक्स म्हणजे अक्षरक्रमाने लावलेली यादी. हा क्रम पोस्टग्रेस स्वतः ठरवत नाही, लिनक्सच्या 'जीलिबसी' लायब्ररीला विचारतो. २०१८ साली आलेल्या जीलिबसी २.२८ मध्ये हा क्रम मोठ्या प्रमाणावर बदलला. उबुंटू १८.०४ मध्ये २.२७ होती, २०.०४ मध्ये २.३१ आली. म्हणजे जुन्या क्रमाने रचलेल्या यादीत नव्या क्रमाने शोध सुरू झाला. शब्दकोशाची पानं जुनी आणि वाचणाऱ्याची बाराखडी नवी. इंग्रजी अंकांतले '१-१' आणि '११' घ्या: जुन्या लायब्ररीत '११' आधी, नव्यात '१-१' आधी. बिल क्रमांकात डॅश वापरणाऱ्या दुकानांना हे थेट लागतं.

पोस्टग्रेसची आवृत्ती तीच ठेवून खालची उबुंटू बदलली, डिस्क उचलून नव्या मशीनला लावली, किंवा जुन्या मशीनवरून नव्या मशीनवर रेप्लिका (सतत अद्ययावत होणारी प्रत) चालवली, की हे घडतं. लिंकने अपग्रेड केलं तरी तेच. साध्या 'पीजी_अपग्रेडक्लस्टर'ने डेटा काढून भरला असेल तर इंडेक्स नव्या क्रमानेच बांधलेले असतात, तिथे चिंता नाही.

खात्रीची साधी चाचणी अशी. एकदा नाव 'बरोबर' चिन्हाने शोधा, एकदा तेच नाव 'लाइक' वापरून, दोन्ही बाजूंना टक्केवारीचं चिन्ह लावून. पहिला शोध सहसा इंडेक्सवरून जातो, दुसरा सगळं टेबल चाळतो. पहिल्याला मिळालं नाही आणि दुसऱ्याला मिळालं, तर इंडेक्स बिघडला आहे. पद्धतशीर तपासणीसाठी 'अ‍ॅमचेक' एक्स्टेंशन आहे. त्यातलं 'बीटी_इंडेक्स_चेक' एकेक इंडेक्स तपासतं, आणि १४ पासून 'पीजी_अ‍ॅमचेक' ही कमांड सगळा डेटाबेस एकदम तपासते.

दुरुस्ती 'रीइंडेक्सडीबी --ऑल'. पण वर म्हटलेल्या दुहेरी नोंदी आधीच शिरल्या असतील तर युनिक इंडेक्सवर ही कमांड अडते आणि कोणती किंमत दोनदा आहे ते सांगते. तिथे डोळे मिटून एक नोंद उडवू नका. दोन कुलकर्ण्यांपैकी एकाच्या नावावर पुस्तकं चढलेली असू शकतात. आधी जोडलेल्या टेबलांतले क्रमांक एका नोंदीकडे वळवा, मग दुसरी काढा, मग रीइंडेक्स. आकड्यांच्या आणि तारखांच्या इंडेक्सला हा रोग होत नाही, 'सी' कोलेशन (अक्षरक्रमाचा नियम) वापरणाऱ्या डेटाबेसलाही नाही. पोस्टग्रेस १५ पासून सर्व्हर स्वतःच 'कोलेशन व्हर्जन मिसमॅच'ची ताकीद देतो. ती ताकीद बंद करायची कमांड 'ऑल्टर डेटाबेस ... रिफ्रेश कोलेशन व्हर्जन' ही फक्त नोंद बदलते, इंडेक्स दुरुस्त करत नाही. आधी रीइंडेक्स, मगच रिफ्रेश. उलटं केलं तर ताकीद गप्प होते आणि घोळ तसाच राहतो.

मायएसक्यूएल: 'एन' दाबल्याची किंमत

उबुंटू १८.०४ मध्ये मायएसक्यूएल ५.७ होतं, २०.०४ पासून ८.०. या उडीनंतर कुठलंही पॅकेज टाकायला गेलं, अगदी झिप सुद्धा, की शेवटी तीच ओळ: मायएसक्यूएल-सर्व्हर-८.० ची पोस्ट-इन्स्टॉलेशन स्क्रिप्ट एक्झिट स्टेटस १ देऊन नापास. कारण अर्धवट पॅकेज दर वेळी पुन्हा पूर्ण करायचा प्रयत्न होतो.

मूळ बहुतेकदा एकच. अपग्रेड चालू असताना 'कॉन्फिग फाइल तुम्ही बदललेली आहे, नवी घेऊ की जुनी ठेवू' असा प्रश्न येतो, आणि नुसतं एंटर म्हणजे 'एन', जुनी ठेवा. ५.७ च्या मूळ फाइलमध्येच 'क्वेरी_कॅश_लिमिट' आणि 'क्वेरी_कॅश_साईझ' या ओळी होत्या. ८.० मध्ये क्वेरी कॅश (शोधांचे निकाल साठवून ठेवायची सोय) पूर्ण काढून टाकला, त्यामुळे सर्व्हर 'अननोन व्हेरिएबल' म्हणून बसतो. 'एसक्यूएल_मोड'मध्ये 'नो_ऑटो_क्रिएट_यूझर' असेल तरी तसंच. '/ईटीसी/मायएसक्यूएल/मायएसक्यूएल.कॉन्फ.डी/मायएसक्यूएलडी.सीएनएफ'मध्ये त्या ओळींपुढे हॅश लावा, 'मायएसक्यूएलडी --व्हॅलिडेट-कॉन्फिग' चालवा, ते काही न बोलता परतलं की 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए'.

डेटा डिरेक्टरी दुसऱ्या डिस्कवर हलवलेली असेल आणि लॉगमध्ये 'परमिशन डिनाइड, १३' दिसत असेल, फायलींचा मालक मात्र बरोबर असेल, तर अ‍ॅपआर्मर अडवतो आहे, म्हणजे प्रोग्रॅमला कुठल्या फायली उघडता येतील ते ठरवणारी सुरक्षा. मुख्य प्रोफाइल बदलू नका, पुढच्या अपग्रेडला तोच प्रश्न परत येईल. '/ईटीसी/अ‍ॅपआर्मर.डी/लोकल'मधल्या फाइलमध्ये नव्या डिरेक्टरीच्या ओळी घाला आणि अ‍ॅपआर्मर रीलोड करा.

८.० उठल्यावर क्वेरी फुटू लागल्या तर राखीव शब्द तपासा. 'रँक', 'ग्रुप्स', 'सिस्टम' आणि 'विंडो' हे ८.० मध्ये राखीव झाले. भंवरकुआंच्या कोचिंग क्लासच्या निकालाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'रँक' नावाचा कॉलम नसेल तरच नवल. कॉलमच्या नावाला बॅकटिक लावले की भागतं. आणि रिपोर्टमधली नावं अचानक वेड्यावाकड्या क्रमाने येत असतील तर: 'ग्रुप बाय' पूर्वी आपोआप क्रम लावायचा, आता लावत नाही. 'ऑर्डर बाय' स्पष्ट लिहा.

८.० ने एकदा उघडलेला डेटा ५.७ ने उघडता येत नाही. परत जायची वाट फक्त आधी काढलेल्या डंपमधून (डेटाबेसच्या मजकूररूपी प्रतीतून), म्हणून डंप काढताना '--सिंगल-ट्रान्झॅक्शन --रूटीन्स --इव्हेंट्स' विसरू नये.

दर काही दिवसांनी दुपारी साडेअकरा-बाराला झटका

कोणी अपग्रेड केलेलंच नाही, तरी ऐन गिऱ्हाइकीत अर्धा मिनिट डेटाबेस जातो आणि बिलिंग रीस्टार्ट करेपर्यंत जोडणी परत येत नाही. उबुंटूचे सुरक्षा अपडेट आपोआप लागतात, त्यांचा टायमर सकाळी ६ चा, पुढे तासाभरात कधीही. क्लाउडवरचा सर्व्हर बहुधा यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळेवर असतो. यूटीसीचे ६ म्हणजे इंदूरचे साडेअकरा. मायएसक्यूएलचा सुरक्षा अपडेट आला की सर्व्हर रीस्टार्ट होतो, नेमका साडेअकरा ते साडेबारा या वेळेत.

सर्व्हरचं टाइमझोन बदलून टाकायचा मोह आवरा. मायएसक्यूएल सिस्टमचीच वेळ वापरत असेल तर जुन्या-नव्या नोंदींत साडेपाच तासांची फट पडते. फक्त टायमर हलवा: 'सिस्टमसीटीएल एडिट एपीटी-डेली-अपग्रेड.टायमर', त्यात टायमर विभागाखाली आधी एक रिकामी 'ऑनकॅलेंडर=' ओळ आणि खाली 'ऑनकॅलेंडर=*-*-* ०३:३० एशिया/कोलकाता'. रिकामी ओळ गाळली तर जुनी वेळही तशीच चालू राहते आणि झटका दोनदा बसू शकतो. अपडेट कायमचे बंद करणं हा उपाय नव्हे. तुटलेली जोडणी स्वतःहून परत जोडण्याची सोय बिलिंगवाल्याकडून मात्र जरूर करून घ्या.

वेळ आणि जागा

मोठं अपग्रेड टीमक्स या प्रोग्रॅमच्या आत करा. ब्रॉडबँड तुटलं किंवा लाईट गेली तरी काम सर्व्हरवर चालू राहतं आणि पुन्हा जोडून बघता येतं. सर्व्हर दुकानातच असेल तर यूपीएसची बॅटरी आधी तपासा: भार लावून किमान अर्धा तास. मे-जूनच्या वादळी संध्याकाळी तर नकोच. 'सगळं बंद असतं' म्हणून काही जण रंगपंचमी निवडतात. राजवाड्याच्या आसपास गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, आणि सर्व्हर अडला तर त्या गर्दीतून दुकानातल्या मशीनपर्यंत कोणी पोचणार नाही. साध्या शनिवारची रात्र बरी, म्हणजे रविवार हाताशी राहतो.

जुनं १२ चं क्लस्टर कधी काढायचं? एक महिनाअखेर नव्यावर पार पडू द्या. खातेवहीची बेरीज, जीएसटीचा रिपोर्ट आणि साठ्याचा आकडा जुळला की मग 'पीजी_ड्रॉपक्लस्टर १२ मेन', आणि त्यानंतरच 'पोस्टग्रेसक्यूएल-१२'चं पॅकेज.